कंधारकर म्हणजे कोण?

लातूरच्या ट्यूशन एरियात खोली शोधायला गेलात की पहिला प्रश्न भाड्याचा नसतो. गेट उघडणाऱ्या काकू आधी विचारतात, "पूर्ण नाव काय म्हणलाव?" जोर 'पूर्ण'वर असतो. तुम्ही स्वतःचं नाव सांगता, वडिलांचं सांगता, तरी काकू वाट बघत उभ्याच. त्यांना हवा असलेला शब्द अजून आलेला नसतो.

दहावी झाल्यावर मी नीटच्या तयारीसाठी लातूरला आलो तेव्हा तो शब्द सांगितला, कंधारकर. काकू जरा अडखळल्या.

"कंधारकर म्हंजी कोण?"

"कंधारचे," मी म्हणालो.

"ते कळलं की. सोयरे कुठले तुमचे?"

उत्तर वडिलांनी दिलं. नांदेड, अहमदपूर, परभणी, हैदराबाद. सगळी मोठी गावं. मोठ्या गावांवरून काहीच कळत नाही, हे वडिलांना अनुभवाने माहीत होतं. काकूंनी त्यांच्या इस्त्रीच्या शर्टाकडे बघितलं, बुटांकडे बघितलं आणि किल्ली दिली. वरच्या मजल्यावर दोन खोल्या रिकाम्या होत्या, त्यातली एक माझी झाली.

संध्याकाळी कंधारच्या एसटीने माझा चुलतभाऊ आला. माझ्या आजोबांच्या सख्ख्या भावाचा नातू. आमची बॅच एकच होती, शेजारशेजारच्या खोल्यांत राहू असं फोनवर ठरलेलं होतं. त्याच्या घरचं आडनाव मात्र जुनं आहे, जे माझ्या पणजोबांचंही होतं. त्यालाही काकूंनी पूर्ण नाव विचारलं. त्याने ते सांगितलं. काकू म्हणाल्या, "खोल्या भरल्या ओ. आत्ताच भरल्या."

मी वर गॅलरीत उभा होतो. मला ऐकू येत होतं. शेजारच्या खोलीचं दार उघडं होतं आणि आत रिकामी कॉट दिसत होती. मी खाली गेलो नाही. त्या घरात मी दोन वर्षं राहिलो. भावाला खोली लांब मिळाली, तो रोज सायकलवर क्लासला यायचा. त्याने मला त्या संध्याकाळबद्दल कधीच काही विचारलं नाही.

ते जुनं आडनाव मी इथे लिहिणार नाही. लिहिलं, तर लेख वाचायचं सोडून तुम्ही मला 'ओळखायला' लागाल. खरं सांगा, गेल्या दोन मिनिटांत तुम्हीही तो अंदाज बांधलाच ना?

'कर' कुठून येतो

आमच्या घरात 'कंधारकर' आणलं आजोबांनी. गाव सोडून ते नांदेडला कामाला आले आणि माझ्या वडिलांचं नाव शाळेत घालताना गुरुजींनी विचारलं, तेव्हा त्यांनी कंधारकर सांगितलं. आमचं गाव कंधार नाही. कंधारपासून काही कोसांवर एक लहान गाव आहे. त्या लहान गावाचं नाव लावलं असतं तर त्या गावचा कोणीतरी भेटला असता आणि पुढचा प्रश्न आला असता. म्हणून आजोबांनी थेट तालुकाच अंगावर पांघरला.

यात त्यांनी नवीन काही केलं नव्हतं. जगभर लोक हेच करतात. इटलीत रोमानो म्हणजे रोमचा, जेनोवेझे म्हणजे जेनोवाचा, नापोलितानो म्हणजे नापोलीचा. उर्दूत शेवटी 'ई' लागते. अठराव्या शतकातला शायर सिराज औरंगाबादी आपल्याच मुलखातला. देगलूर ओलांडून तेलंगणात गेलात की 'इंटि पेरु', म्हणजे घराचं नाव, बऱ्याचदा गावावरून पडलेलं असतं आणि ते माणसाच्या नावाच्या आधी येतं. मराठीने त्यासाठी 'कर' घेतला. आपल्या दोन जिल्ह्यांत देगलूरकर, औसेकर, उदगीरकर, मुखेडकर, निलंगेकर, चाकूरकर असे किती सापडतील.

यात एक गंमत आहे. कंधारात राहणाऱ्या माणसाला कोणी कंधारकर म्हणत नाही. तिथे तो अमक्याचा पोरगा असतो, नाहीतर तमक्या गल्लीतला. गाव सोडल्यावरच गाव आडनावात येतं. 'कर' हे मुळात गाव सोडून निघालेल्या माणसाचं आडनाव आहे.

म्हणूनच हल्ली एक सल्ला फार ऐकू येतो. जात कळणारं आडनाव टाका आणि गावाचं लावा. कर लावा आणि मोकळे व्हा. इन्स्टावर या सल्ल्याच्या रील्स असतात, कॉलेजच्या वक्तृत्व स्पर्धेत त्यावर टाळ्या पडतात. सल्ला देणारे बहुतेक चांगल्या मनाचे असतात. पण मी या सल्ल्यात वाढलोय, दोन वर्षं त्याच्या जिवावर त्या खोलीत झोपलोय. म्हणून सांगतो, हा सल्ला अर्धवट आहे आणि त्याची किंमत कोणीतरी दुसराच भरतो.

गाव कोणाचं?

पहिली गोष्ट. गावाचं नाव गावातल्या सगळ्यांचं असतं, असं आपण धरून चालतो. ते खरं नाही.

लातूर जिल्ह्याने देशाला शिवराज पाटील चाकूरकर दिले. १९९१ ते १९९६ लोकसभेचे सभापती, २००४ ते २००८ देशाचे गृहमंत्री. शिवाजीराव पाटील निलंगेकर दिले, १९८५-८६ मध्ये राज्याचे मुख्यमंत्री. दोन्ही नावं नीट वाचा. आधी पाटील, मग गाव. पाटील हे वतन होतं, गावावरचा अधिकार होता. गावात ते एवढं पुरतं. मुंबई-दिल्लीला पाटील शेकड्यांनी असतात, तिथे कोणता पाटील हे सांगायला गाव जोडावं लागतं. माझी तक्रार या दोन नेत्यांबद्दल नाही. मला एवढंच दाखवायचंय की 'चाकूरकर' म्हटलं की उभ्या महाराष्ट्राला एक माणूस आठवतो. चाकूरच्या वेशीबाहेर ज्यांच्या पिढ्या गेल्या, ज्यांनी त्या गावची मेलेली ढोरं ओढली, गावाची दवंडी पिटली, तेही चाकूरचेच. त्यांना चाकूरकर म्हणायचं कोणाला सुचलं? गाव त्यांच्याकडून राबवून घेतं, त्यांना नाव देत नाही.

दुसरी गोष्ट. गावात जात नसते असं कोणी सांगितलं? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. पाटलाचा वाडा पडला आणि शेतमजुराची खोलीही पडली. बावन्न गावं उचलून नव्या जागी वसवायचं ठरलं. सगळं नव्याने मांडायची अशी संधी गावांना हजार वर्षांत मिळत नाही. मग घरं कशी वाटली? जमिनीप्रमाणे. भूमिहीन आणि अगदी थोडी जमीन असलेल्यांना २५० चौरस फूट, मधल्यांना ४००, मोठ्या शेतकऱ्यांना ७५०. भूकंपाने सगळ्यांना एका पातळीवर आणलं होतं, सरकारी टेपने पुन्हा ज्याला त्याला त्याच्या जागी बसवलं. आणि आपल्याकडे जमीन कोणाकडे असते आणि कोणाकडे नसते, हे मी सांगायला हवं का? गाव जागा बदलतं, गावाची उतरंड सोबत जाते. त्या गावाचं नाव लावून मी जातीतून बाहेर कसा पडेन?

तिसरी गोष्ट माझ्या आईची. ती अहमदपूरची. लग्नाआधी ती कंधारला एकदाही गेलेली नव्हती. ज्या गावात तिचा सासरा राहायलाही तयार नव्हता, त्या तालुक्याचं नाव ती तीस वर्षं लावतेय. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आता राज्य सरकारच्या निर्णयाने आईचं नावही येतं. आधी मुलाचं, मग आईचं, मग वडिलांचं. चांगलं झालं, उशिरा का होईना. पण सगळ्यांच्या शेवटी आडनाव आहेच. आई मध्ये आली, आडनाव जागचं हललं नाही.

टाकणं कोणाला परवडतं?

मग दुसरा सल्ला येतो. आडनावच नको! नुसतं नाव लावा.

परभणीचे कवी-कादंबरीकार बी. रघुनाथ यांनी ते केलं. भगवान रघुनाथ कुलकर्णी हे त्यांचं पूर्ण नाव, पण मराठी साहित्यात ते बी. रघुनाथ म्हणूनच राहिले. स्वामी रामानंद तीर्थांचंही तसंच. पूर्वाश्रमीचे व्यंकटेश खेडगीकर, म्हणजे तेही 'कर'च. संन्यास घेतला, आडनाव गेलं आणि हैदराबाद मुक्तिसंग्रामाचं नेतृत्व करणारा माणूस आपल्याला आडनावाशिवाय मिळाला. दोघांबद्दलही मला आदर आहे. पण हाच प्रयोग माझ्या चुलतभावाने करून बघावा. कुलकर्ण्याने आडनाव टाकलं की लोक म्हणतात, किती पुरोगामी. माझ्या भावाने टाकलं की विचारतात, काय लपवतोस?

हे आजचं नाही. आपण ज्ञानेश्वरांना ज्ञानेश्वर म्हणतो. आपेगावचं कुलकर्णीपण त्यांच्या घराण्यात होतं, पण 'ज्ञानेश्वर कुलकर्णी' असं म्हणून बघा, जीभ वळत नाही. आता पुढची नावं घ्या. चोखा महार, सावता माळी, गोरा कुंभार, सेना न्हावी. इथे जीभ अडखळत नाही. एकाच विठ्ठलाच्या दारातली ही माणसं, पण एकाला जातीशिवाय उभं राहता येतं आणि दुसऱ्याला सातशे वर्षांनंतरही जात सोबत घेऊनच यावं लागतं. आडनाव नसणं हे वरच्यांसाठी मोकळेपण असतं. खालच्याचं आडनाव काढून घेतलं तर त्या रिकाम्या जागेत लोक आपल्या हाताने जात लिहितात.

काकूंनी माझ्या 'कंधारकर'नंतर सोयरे विचारले, ते उगाच नाही. आडनावाने दार लावलं की ही माणसं खिडकीतून येतात. सोयरे कुठले? कुलदैवत कोणतं? गावात घर कोणत्या बाजूला? माळ आहे का? मटण चालतं का? भाषा बदलते, प्रश्न एकच असतो.

"नावात काय आहे?"

"जाऊ दे रे, नावात काय आहे?" असं म्हणणारे मित्र मलाही आहेत. त्यांनी मराठवाड्यात राहून हे वाक्य म्हणावं याचं मला नवल वाटतं.

आंबडवे हे रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातलं गाव. घराण्याचं आडनाव सकपाळ. गावावरून आंबडवेकर झालं आणि ७ नोव्हेंबर १९०० ला साताऱ्याच्या शाळेच्या रजिस्टरमध्ये 'भिवा रामजी आंबेडकर' असं नाव चढलं. आंबेडकर आडनावाच्या शिक्षकाने आपलं आडनाव या मुलाला दिलं, ही गोष्ट घरोघर सांगतात. म्हणजे बाबासाहेबांचं आडनावही 'कर'च. गावाचं, जात न सांगणारं.

त्या आडनावाने जात झाकली गेली का? २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला आणि आपला मराठवाडा पेटला. दलित वस्त्या जाळल्या गेल्या. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचीराम कांबळे यांना मारण्यात आलं. पुढे सोळा वर्षं हा झगडा चालला. नोव्हेंबर १९९३ मध्ये नांदेडला गौतम वाघमारे यांनी नामांतरासाठी स्वतःला जाळून घेतलं. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेडला वेगळं विद्यापीठ निघालं, त्याला स्वामी रामानंद तीर्थांचं नाव आहे.

माझ्या मार्कशीटवर एका विद्यापीठाचं नाव असेल, माझ्या वडिलांच्या मार्कशीटवर दुसऱ्याचं आहे. एकाला आडनाव सोडून दिलेल्या माणसाचं नाव, दुसऱ्याला शाळेत नवं आडनाव मिळालेल्या माणसाचं. पहिल्या नावासाठी कोणाची झोपडी जळली नाही. दुसऱ्यासाठी जळल्या. दोन्ही माणसं मोठी, दोघांनीही आयुष्य लोकांसाठी घातलं. मग फरक कशाचा होता? नावात काही नसतं तर एका विद्यापीठाच्या पाटीसाठी सोळा वर्षं लागली असती का?

बाबासाहेबांच्या बाबतीत 'कर' आडनावाला जे जमलं नाही, ते माझ्या बाबतीत जमेल, अशा भ्रमात मी दोन वर्षं राहिलो. आंबेडकर हे नाव आज अभिमानाने उच्चारलं जातं, ते जात झाकली गेली म्हणून नाही. त्या माणसाने आपण कोण हे कधीच लपवलं नाही, म्हणून.

नांदेडने एकदा उत्तर दिलंय

इटलीतल्या नापोलीत एक आडनाव फार आढळतं, एस्पोझितो. अर्थ 'बाहेर ठेवलेला'. पूर्वी धर्मसंस्थेच्या दाराशी सोडून दिलेल्या बाळांना हे आडनाव मिळायचं. म्हणजे जन्मभर पाठीवर बोट. पुढे हे नाव इतकं पसरलं की आज एस्पोझितो म्हणजे नापोलीतला कोणीही. बोट दाखवायला वेगळं कोणी उरलंच नाही.

आपल्याकडे याहून मोठी गोष्ट झाली, आणि ती जाणूनबुजून झाली. १६९९ मध्ये गुरू गोविंदसिंगांनी खालसा पंथ स्थापला. आलेल्या माणसाची जुनी ओळख बाजूला ठेवायची, पुरुषाला सिंग, बाईला कौर. एकाच भांड्यातलं अमृत. १७०८ मध्ये ते गोदेकाठी आपल्या नांदेडलाच विसावले आणि यापुढे गुरू कोणी माणूस नाही, ग्रंथ आहे, हे त्यांनी इथेच सांगितलं. त्या ग्रंथात नरसीच्या नामदेवांची पदं आहेत. रेल्वेने देशभरातून माणसं नांदेडला येतात, लंगरमध्ये एका पंगतीत जेवतात आणि आपण पाहुण्यांना गुरुद्वारा दाखवायला अभिमानाने नेतो. परत येताना रिक्षावाल्याचं आडनाव विचारतो.

मला माहीत आहे, सिंगच्या पुढे पुन्हा जातीची आडनावं लागली, पंजाबातही जात गेली नाही. पण या उत्तरातलं मर्म मला महत्त्वाचं वाटतं. तिथे एकट्या खालच्या माणसाला नाव बदलायला सांगितलं नव्हतं. वरच्यालाही सांगितलं होतं. सगळ्यांनी मिळून सोडलं तरच सोडण्याला अर्थ आहे.

शेजारच्या बीडमध्ये २०२५ साली पोलीस अधीक्षकांनी असंच केलं. जिल्ह्यात जातीचं वातावरण तापलेलं असताना पोलिसांच्या नेमप्लेटवरून आडनाव काढलं आणि नुसतं नाव ठेवलं, तेही सगळ्यांच्या. साहेबाच्याही आणि शिपायाच्याही. एवढ्याने पोलिसांच्या मनातलं आडनाव पुसलं जात नाही, हे कबूल. पण ठाण्यात तक्रार घेऊन आलेल्या माणसाला समोरचा 'आपला' की 'त्यांचा' हे छातीवर वाचता येत नाही. एवढं तरी झालं.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप घरातल्या वडीलधाऱ्यांचा. "अरे, आपल्याकडं आपुलकीनं इचारतेत. वळख निघावं म्हणून." आपुलकी मी नाकारत नाही. एसटीत शेजारी बसलेला म्हातारा "कुठले हाव?" विचारतो, कंधार म्हटलं की किल्ल्याच्या, हाजी सय्याहांच्या उरुसाच्या गोष्टी सांगतो, पिशवीतल्या भुईमुगाच्या शेंगा हातावर ठेवतो. तो प्रश्न मला आवडतो. पण त्याची खूण सोपी आहे. उत्तर काहीही आलं तरी शेंगा मिळतात. काकूंच्या प्रश्नात एका उत्तराला किल्ली होती आणि दुसऱ्याला नव्हती. ज्या प्रश्नाच्या उत्तरावर दार अवलंबून असतं, त्याला आपुलकी म्हणू नका.

दुसरा आक्षेप व्हॉट्सॲप ग्रुपवरचा. "आडनाव विचारलेलं चालत नाही, मग जातीचा दाखला कसा चालतो?" हा प्रश्न फार हुशारीने विचारल्यासारखा वाटतो, म्हणून सरळ उत्तर देतो. कॉलेज दाखला मागतं ते पिढ्यान्‌पिढ्या नाकारलेलं काही परत देण्यासाठी. तो मी स्वतः पुढे करतो, माझा हक्क म्हणून. घरमालक आडनाव विचारतो ते नाकारण्यासाठी. डॉक्टर तुम्हाला आजार विचारतो आणि शेजारीही विचारतो, पण दोघांचं कारण एकच असतं का? खोली देताना विचारणं बंद करा, लग्न जमवताना बंद करा, डबा लावताना बंद करा. मग दाखल्याबद्दल निवांत बसून बोलू.

राज्य सरकारने डिसेंबर २०२० मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला. पाट्या बदलाव्यातच. पण वस्तीला समता नगर म्हटलं आणि समता नगरच्या पोराला खोली दिली नाही, तर उद्या 'समता नगर' हा शब्दच पुरेसा होईल. तोही जातीचाच शब्द होईल. नाव किती वेळा बदलणार? विचारणारा तोच आहे.

मग काय करायचं?

आजोबांना मी दोष देत नाही. त्यांना पोराला शिकवायचं होतं, शहरात भाड्याचं घर मिळवायचं होतं. पाऊस लागला की माणूस आडोसा शोधतो, त्यात लाज कसली? 'कंधारकर' हा आमचा आडोसा होता. पण आडोशाखाली उभं राहून पाऊस थांबला असं सांगत फिरू नये. आणि आपण आत असताना आपला भाऊ बाहेर भिजत असेल, तर निदान त्याच्याकडे पाठ करू नये. मी पाठ केली होती.

म्हणून नाव बदला, नाव टाका, असल्या सल्ल्यांना माझा विरोध आहे. ज्याला हवं त्याने बदलावं, ती त्याची मर्जी. पण सगळी कसरत नाव सांगणाऱ्याने करायची आणि विचारणाऱ्याने गेटवर हात ठेवून उभं राहायचं, हे मला मान्य नाही. बदल करायचाच तर विचारणाऱ्याने करावा.

आणि तुम्ही, जे हे फोनवर वाचताय, तुमच्यातले बरेच जण जूनमध्ये लातूरला, नांदेडला, पुण्याला खोल्या बघत फिराल. तुमच्यातल्या ज्यांना आडनावामुळे किल्ली पटकन मिळते, त्यांच्याशीच मी बोलतोय. रूम पार्टनर शोधताना ग्रुपवर 'फक्त आमच्यातला' असं लिहू नका. 'शाकाहारी' लिहून तेच सांगू नका. सोबतच्या मित्राला "भरल्या ओ" असं उत्तर मिळालं आणि रिकामी कॉट तुम्हाला दिसत असली, तर तिथेच म्हणा, "काकू, ती खोली रिकामी आहे की." खोली जाईल कदाचित. दोघांची जाईल. पण पुढच्या पोराला नाही म्हणताना काकूंना निदान एकदा वर गॅलरीकडे बघावं लागेल.

हे वाक्य मी त्या संध्याकाळी बोलायला हवं होतं. सहा शब्द होते. माझ्या आडनावामुळे ते मला फुकटात बोलता आले असते.

गेल्या दिवाळीत भाऊ भेटला. आता तो नांदेडला शिकतो. मी त्याला सगळं सांगितलं. गॅलरीत होतो, ऐकलं होतं, रिकामी कॉट दिसत होती. तो म्हणाला, "मला माहीत होतं. तुझी चप्पल जिन्यात होती." मग त्याने विषय बदलला आणि चहा सांगितला, दोन.

परवा पुण्यात एका नव्या घरमालकाने मला विचारलं, "कंधारकर म्हणजे कोण?"

मी म्हणालो, "भाडेकरू."